मद्यपानाचे शरीरावर होणारे परिणाम
(आरोग्यशिक्षण : इयत्ता सातवीसाठी पाठ व शिक्षकांस मार्गदर्शन)

आरोग्यशिक्षणाच्या तासाला मद्यपानाचा विषय निघाला की 'दारू पिणे वाईट' हे वाक्य फलकावर लिहून पाठ संपविण्याचा प्रघात अनेक शाळांतून आढळतो. विद्यार्थी ते वाक्य वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवितात. परंतु दारू पोटात गेल्यावर पुढे काय घडते, असे विचारले असता बहुतेकांना सांगता येत नाही. पाठ केलेले वाक्य फार दिवस टिकत नाही. चार-सहा वर्षांनी एखादा सोबती 'एवढ्याने काय होते?' असे म्हणून पेला पुढे करतो, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मुलाजवळ असावे लागते. ते उत्तर उपदेशातून मिळत नाही. शरीराच्या ज्ञानातून मिळते. म्हणून हा पाठ नीतिपाठ म्हणून न घेता शरीरविज्ञानाचा पाठ म्हणून घ्यावा.

ह्यास दुसरेही एक कारण आहे. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी शेकडा १४.६ लोक मद्य घेतात. त्यांची संख्या सुमारे १६ कोटी भरते. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांचे मद्यपान हानिकारक अथवा व्यसनाच्या अवस्थेस पोहोचलेले आहे. ही माणसे कोणाचे तरी वडील, काका वा थोरले भाऊ आहेत आणि त्यांची मुले आपल्याच शाळांतून बसतात. 'दारुडा' ह्या शब्दाने शिक्षकाने पाठाचा आरंभ केला की अशा मुलाची मान खाली जाते आणि त्याचे ऐकणे तेथेच थांबते. ज्याला ह्या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज, नेमके तेच मूल पाठाबाहेर राहते.

पाठाचे हेतू

१. मद्याचा शरीरातील प्रवास विद्यार्थ्यांस क्रमाने सांगता यावा.
२. यकृत व मेंदू ह्यांवर होणारे परिणाम त्यांस कारणांसह समजावेत.
३. प्रचलित समजुती ज्ञानाच्या आधारे पारखून पाहण्याची सवय लागावी.
४. मद्याने बेशुद्ध झालेल्या माणसास मदत कशी करावी, हे कळावे.

साहित्य : पचनसंस्था व मेंदू ह्यांचे तक्ते, पाण्याने भरलेला काचेचा पेला, शाई, जखमेसाठी वापरतात त्या स्पिरिटात भिजविलेला कापूस. कापूस शिक्षकाने स्वतःच्याच हाती ठेवावा. कोणत्याही प्रकारचे मद्य वर्गात आणू नये.

प्रस्तावना

विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न विचारावे. भाकरीचे पचन कोठे सुरू होते? पचलेले अन्न रक्तात कोठून शिरते? शरीरातील विषारी द्रव्ये निकामी करण्याचे काम कोणत्या इंद्रियाचे? 'यकृत' हे उत्तर आले की हेतुकथन करावे : "काही पदार्थ असे आहेत की ज्यांना पचनाची वाटच पाहावी लागत नाही. मद्य हा तसा पदार्थ आहे. तो शरीरात कोठून कोठे जातो, ते आज आपण पाहणार आहोत."

विषयप्रतिपादन

(१) मद्य म्हणजे काय?

ताडाची ताजी नीरा गोड असते. ऊन चढू लागले की ती आंबून तिची ताडी होते. मोहाची फुले, काजूची बोंडे, गूळ, द्राक्षे, धान्ये ह्या सर्वांत साखर अथवा साखरेत रूपांतर होणारे द्रव्य असते. किण्व नावाच्या सूक्ष्म वनस्पतिसदृश जीवांना ही साखर मिळाली की ते तिचे दोन पदार्थ करतात : एक कार्बन डायऑक्साइड वायू आणि दुसरा अल्कोहोल. पावाचे पीठ फुगते ते ह्याच वायूमुळे. आंबविलेला रस तापविला असता अल्कोहोल पाण्याच्या आधी, म्हणजे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याची वाफ थंड करून गोळा केली की तीव्र मद्य मिळते. ह्या क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात.

ताडी, बीअर, मोहाची दारू, फेणी, व्हिस्की ह्यांचे रंग, वास व किमती वेगवेगळ्या असल्या, तरी त्या सर्वांतील परिणाम करणारे द्रव्य एकच आहे. फरक असतो तो प्रमाणाचा. बीअरमध्ये ते साधारणपणे शेकडा ५ ते ८ असते, तर भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की, रम इत्यादी मद्यांत शेकडा ४२.८ पर्यंत असते. 'बीअर म्हणजे दारू नव्हे' ही समजूत येथेच दूर करावी.

(२) शरीरातील प्रवास

भाकरीतील पिष्टाचे प्रथम साखरेत रूपांतर व्हावे लागते, नंतर ते रक्तात शिरते. अल्कोहोलचे कण अतिशय लहान असून ते पाण्यात सहज मिसळतात. त्यांना पचनाची गरज नसते. सुमारे पाचवा भाग जठरातूनच रक्तात शिरतो व उरलेला लहान आतड्यातून. पोट रिकामे असल्यास मद्य जठरातून आतड्यात लवकर उतरते आणि म्हणून त्वरेने चढते. पोटात अन्न असल्यास ते उशिरा चढते. परंतु चढते निश्चित.

येथे पाण्याच्या पेल्यात शाईचा एक थेंब टाकून दाखवावा. शाई जशी सर्व पाण्यात पसरते, त्याचप्रमाणे अल्कोहोल रक्ताबरोबर शरीरातील सर्व पाण्यात पसरते. ते मेंदूत जाते, फुप्फुसांत जाते आणि गरोदर स्त्रीच्या रक्तातून वारेवाटे गर्भापर्यंतही पोहोचते. गर्भाचे यकृत पूर्ण वाढलेले नसते. त्यामुळे बाळाची वाढ खुंटणे, मेंदूस कायमची इजा होणे असे परिणाम संभवतात. फुप्फुसांतून ते श्वासाबरोबर बाहेर पडते. पोलीस वाहनचालकास नळीत फुंकर मारावयास सांगतात, ती श्वासावरून रक्तातील प्रमाण मोजण्यासाठी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे.

(३) यकृताची गिरणी

शरीरात गेलेल्या अल्कोहोलपैकी शेकडा ९० हून अधिक भाग यकृतास नाहीसा करावा लागतो. उरलेला थोडासा श्वास, घाम व मूत्र ह्यांवाटे जातो. यकृत प्रथम अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड नावाचा पदार्थ तयार करते. हा पदार्थ अल्कोहोलहूनही विषारी आहे. नंतर त्याचे ॲसिटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगारमधील आंबट द्रव्यात, रूपांतर होते आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतात.

ह्या कामाची गती ठरलेली असते. हे समजावण्यास गावातील पिठाच्या गिरणीचे उदाहरण द्यावे. गिरणी तासाला ठरावीक दळण दळते. दारात एक डबा आला काय किंवा दहा आले काय, तिची गती वाढत नाही. उरलेले डबे रांगेत थांबतात. यकृताचे तसेच आहे. सामान्य प्रौढ माणसाचे यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल नाहीसे करू शकते. तोवर उरलेले अल्कोहोल रक्ताबरोबर पुनःपुन्हा मेंदूतून फिरत राहते. काळी कॉफी, लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ ह्यांपैकी कशानेही ही गिरणी वेगाने चालत नाही. मनुष्य फार तर जागा होतो; शुद्धीवर येण्यास वेळच लागतो.

अंकगणिताशी समवाय साधण्याची येथे चांगली संधी आहे. फलकावर पुढील उदाहरण सोडवून घ्यावे.

१८० मिलिलिटरच्या बाटलीत शेकडा ४२.८ अल्कोहोल आहे. १ मिलिलिटर अल्कोहोलचे वजन ०.७९ ग्रॅम धरल्यास एकूण अल्कोहोल किती? यकृत तासाला ८ ग्रॅम नाहीसे करीत असेल तर किती तास लागतील?

उत्तर : १८० × ४२.८ ÷ १०० = सुमारे ७७ मिलिलिटर; ७७ × ०.७९ = सुमारे ६१ ग्रॅम; ६१ ÷ ८ = साडेसात तासांहून थोडे अधिक.

म्हणजे रात्री ९ वाजता ही बाटली रिकामी करणाऱ्या माणसाचे रक्त पहाटे साडेचारपर्यंतही स्वच्छ होत नाही. दोन बाटल्या घेतल्यास दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते. सकाळी ट्रॅक्टर अथवा मोटारसायकल घेऊन निघालेला मनुष्य 'रात्रीची केव्हाच उतरली' असे म्हणतो, तेव्हा ती उतरलेली नसण्याचा संभव असतो. हा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः केला म्हणजे वेगळा उपदेश करण्याची गरज उरत नाही.

(४) मेंदूवरील परिणाम

मद्याने माणूस उत्तेजित होतो असे वाटते. वस्तुतः मद्य मेंदूचे काम मंद करणारे द्रव्य आहे. विवेक आणि संयम ठेवणारा मेंदूचा पुढचा भाग लवकर मंदावतो; त्यामुळे मनुष्य मोकळा, बडबडा किंवा भांडखोर होतो. लगाम ढिला झाला म्हणून घोडा उधळतो, त्याचे बळ वाढलेले नसते. पुढे लहान मेंदूवर परिणाम होतो आणि शरीराचा तोल व जिभेचे वळण बिघडते. नव्या आठवणी साठविणारा भाग काम करीनासा झाला की रात्री बोललेले सकाळी आठवत नाही. पुष्कळदा हे सोंग नसते. ती आठवण मेंदूत नोंदली गेलेलीच नसते. अखेरीस श्वास चालविणारी लंबमज्जा मंदावते. १०० मिलिलिटर रक्तात अल्कोहोल साधारणपणे ३०० मिलिग्रॅमच्या वर गेले की बेशुद्धी आणि ४०० च्या वर गेले की श्वास थांबून मृत्यू येण्याचे भय असते. ही प्रमाणे माणसागणिक कमीअधिक असतात. मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून कोवळ्या वयातील मद्यपान अधिक घातक ठरते.

(५) दीर्घकाळ घेतल्याने होणारे विकार

यकृत अल्कोहोलच्या कामात गुंतले की त्यात चरबी साठू लागते. ही पहिली अवस्था असून तिची बाहेरून बहुधा काहीच खूण दिसत नाही. मद्य पूर्ण बंद केल्यास काही आठवड्यांत यकृत पुष्कळ अंशी पूर्ववत होते. ही गोष्ट विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी, कारण तिच्यात आशा आहे. मद्यपान चालूच राहिल्यास यकृतास सूज येते आणि पुढे निरोगी पेशींच्या जागी घट्ट, निरुपयोगी तंतू तयार होतात. ह्या अवस्थेस सिऱ्होसिस म्हणतात. मग कावीळ, पायांवर सूज, पोटात पाणी होणे म्हणजे जलोदर, आणि अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी, असे विकार जडतात. सिऱ्होसिस झालेले यकृत सहसा पूर्ववत होत नाही.

जठराचा दाह, स्वादुपिंडाची सूज, रक्तदाबाची वाढ, हृदयाच्या स्नायूंची दुर्बलता हे इतर परिणाम होत. जेवण सुटते व 'ब' जीवनसत्त्वांची उणीव निर्माण होते. त्यामुळे हातापायांस मुंग्या येतात आणि स्मरणशक्ती खालावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्त्रियांचे स्तन ह्यांच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले. २०१९ ह्या एका वर्षात जगात मद्यामुळे २६ लाख माणसे मृत्यू पावली, असा ह्या संघटनेचा अंदाज आहे.

(६) सवय व व्यसन

'अमका कितीही प्याला तरी डुलत नाही, त्याला पचते' असे कौतुकाने बोलले जाते. ह्यातील वर्म विद्यार्थ्यांस समजावून द्यावे. मद्याने रोज मंदावणारा मेंदू काम चालू ठेवण्यासाठी स्वतःत बदल करतो. म्हणून तेवढ्याच मद्याचा परिणाम कमी दिसू लागतो आणि मात्रा वाढत जाते. यकृताची हानी मात्र कमी होत नाही. ज्याला 'पचते' असे म्हणतात, तोच अधिक धोक्यात असतो.

अशा मेंदूस मद्य एकाएकी मिळेनासे झाले की तो अतिशय क्षुब्ध होतो. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप येत नाही. एकदोन दिवसांत काहींना झटके येतात, दोनतीन दिवसांत भ्रम होऊन नसलेल्या वस्तू दिसू लागतात. औषधोपचार न झाल्यास हे प्राणावर बेतू शकते. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्या माणसास घरी कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे; वैद्यकीय देखरेखीखाली मद्य सोडविता येते. व्यसन हा मेंदूचा आजार असून त्यावर उपचार आहेत, हे वाक्य वर्गात स्पष्ट शब्दांत उच्चारावे.

(७) विषारी दारू

मेथिल अल्कोहोल हे कारखान्यांत वापरले जाणारे द्रव्य दिसण्यात साध्या अल्कोहोलसारखेच असते. लोभी विक्रेते ते मद्यात मिसळतात. यकृतात त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होते व ते डोळ्यांच्या मज्जातंतूंस जाळते. मुंबईतील मालवणी भागात २०१५ च्या जून महिन्यात अशी दारू पिऊन शंभरावर माणसे दगावली. लक्षणे कित्येकदा बारा ते चोवीस तासांनी दिसतात. तोवर इतरांनीही ती घेतलेली असते. दारू पेटवून पाहण्याची परीक्षा फसवी आहे, कारण मेथिल अल्कोहोलही पेटते. मद्यपानानंतर अंधुक दिसू लागल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

प्रचलित समजुतींची पारख

दारूने अंगात ऊब येते : त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात व आतील उष्णता बाहेर जाते. कातडीला ऊब वाटते. शरीर मात्र थंड होते. स्पिरिटाचा बोळा मुलांच्या हाताच्या पाठीवर टेकवून 'थंड का लागले?' असे विचारावे. तेथील कारण बाष्पीभवन हे आहे. 'वाटणे' आणि 'असणे' ह्यांतील भेद ह्या दोन उदाहरणांच्या तुलनेने स्पष्ट होतो.

दारूने शीण जातो : शीण जात नाही, तो जाणवेनासा होतो. झोप लवकर लागते, परंतु ती मोडकी असते. मूत्राचे प्रमाण वाढून शरीरातील पाणी कमी होते. म्हणून सकाळी घसा कोरडा पडतो व डोके दुखते.

लहान मुलास सर्दीवर ब्रँडी चाटवावी : हे घातक आहे. मद्यामुळे यकृतास नवी साखर तयार करण्यात अडथळा येतो. लहान मुलाच्या रक्तातील साखर एकदम उतरून त्यास झटके येऊ शकतात.

बेशुद्ध माणसास मदत

ही माहिती प्रत्यक्ष कृतीने शिकवावी. एका विद्यार्थ्यास सतरंजीवर कुशीवर निजवून दाखवावे. उताणे ठेवल्यास उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, ताक वा लिंबाचा रस घालू नये. बोट घालून उलटी करवू नये. त्यास एकट्यास सोडू नये, कारण पिणे थांबल्यानंतरही रक्तातील प्रमाण काही काळ वाढत असते. हाका मारूनही तो जागा होत नसेल, श्वास फार सावकाश चालत असेल, अथवा अंग गार व ओठ निळसर पडले असतील, तर १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शिक्षकांनी पाळावयाची पथ्ये

१. 'कोणाच्या घरी दारू पितात?' असा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. निबंधाला अथवा गृहपाठालाही असा विषय देऊ नये.

२. गावातील कोणाचेही उदाहरण नावाने किंवा खुणेने देऊ नये.

३. अंड्याचा पांढरा भाग स्पिरिटात टाकून तो गोठलेला दाखविण्याचा व 'पोटात असेच होते' असे सांगण्याचा जुना प्रयोग टाळावा. रक्तातील अल्कोहोल पेल्यातील स्पिरिटाच्या मानाने फारच विरळ असते. मेंदू अशा रीतीने गोठत नाही. अतिशयोक्ती एकदा उघडी पडली की मुले खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवीत नाहीत.

४. पाठानंतर एखादे मूल एकटे येऊन घरची हकिगत सांगेल. ती शांतपणे ऐकावी व इतरांजवळ तिची वाच्यता करू नये. 'वडिलांचे पिणे हा तुझा दोष नव्हे, आणि ते थांबविणे ही तुझी एकट्याची जबाबदारीही नव्हे' एवढे त्यास सांगावे. घरी मारहाण होत असल्यास मुलांसाठी असलेल्या १०९८ ह्या क्रमांकाचे साहाय्य घ्यावे. व्यसनमुक्तीसंबंधी सल्ला १४४४६ ह्या क्रमांकावर विनामूल्य मिळतो.

५. शिक्षकाचे स्वतःचे वर्तन हा ह्या विषयाचा अबोल पाठ होय, हे विसरू नये.

नागरिकशास्त्राशी समवाय : आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांची बंदी करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. महाराष्ट्रात गावातील स्त्रियांना मतदानाने दारूचे दुकान बंद करविता येते. मतपत्रिकेवरील चिन्हांवरून ते 'उभी बाटली, आडवी बाटली' ह्या नावाने ओळखले जाते. हा विषय लोकशाहीच्या पाठात अधिक विस्ताराने घ्यावा.

फलकलेखन

मद्य → जठर व लहान आतडे → रक्त → मेंदू व सर्व शरीर → यकृत
यकृताची गती : तासाला ७ ते १० ग्रॅम
यकृताच्या विकाराच्या अवस्था : चरबी – सूज – सिऱ्होसिस
बेशुद्ध माणूस : कुशीवर निजवा, एकटा सोडू नका, १०८

उजळणीचे प्रश्न

१. मद्यास पचनाची गरज का नसते?
२. ६५० मिलिलिटर बीअरमध्ये शेकडा ८ अल्कोहोल असल्यास ते नाहीसे होण्यास सुमारे किती तास लागतील? (उत्तर : सुमारे ५ तास)
३. मद्याने ऊब आल्यासारखी का वाटते? शरीराचे तापमान प्रत्यक्षात वाढते काय?
४. 'त्याला दारू पचते' ह्या म्हणण्यातील चूक दाखवा.
५. यकृताच्या कोणत्या अवस्थेत मद्य सोडल्यास ते पूर्ववत होऊ शकते?
६. बेशुद्ध माणसास उताणे का ठेवू नये?

गृहपाठ : मद्याचा शरीरातील प्रवास दाखविणारी आकृती काढून तीत पाच नावे लिहावी.